साहेबांचा पूर्वज आणि बाबांचा तक्ता

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे दुबईला आले ते 'थोडे दिवस' म्हणून. त्याला आता चौथं वर्ष चालू आहे. पुण्याहून कोणाचाही फोन आला की अजूनही ते तेच सांगतात, "लेकीकडे आलोय थोडे दिवस. हवापालट." भर जुलैत दुबईला हवापालटासाठी येणारा जगातला हा एकमेव माणूस असेल. लेकीच्या घरी कायमचा राहायला आलोय, हे त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही आणि निघणारही नाही. सुरुवातीला मला याचं हसू यायचं. पुढे पुढे येईनासं झालं.

अल मनखूलमधली आमची बिल्डिंग जुनी आहे. एका मजल्यावर लांबलचक कॉरिडॉर, दोन्ही बाजूंनी दारं, आणि प्रत्येक दारातून वेगळा फोडणीचा वास. उन्हाळ्यात बाहेर पाय ठेवायची सोय नसते, म्हणून बाबा कॉरिडॉरमध्येच फेऱ्या मारायचे. इस्त्रीची पँट, आत खोचलेला शर्ट, पायात मोजे. बँकेतून रिटायर होऊन पंचवीस वर्षं होत आली, तरी चालायला जातानासुद्धा कोणी साहेब तपासायला येणार असल्यासारखे तयार होतात.

आणि एक दिवस खरंच साहेब आला. कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला एक इंग्रज गृहस्थ एकटे राहायचे. इथल्या एका कॉलेजात शिकवायला म्हणून आले आणि इथलेच झाले. बायको वारलेली, मूलबाळ नाही. सगळी बिल्डिंग त्यांना सर म्हणायची, बाबांनी मात्र पहिल्या भेटीपासून 'साहेब' सुरू केलं. साहेबांची नजर गेली होती, पण विचित्र तऱ्हेची. मधलं काही दिसायचं नाही, कडेचं दिसायचं. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, कान तेवढे दिसतात, असं ते सांगायचे. बाबांचे कान मोठे आहेत. त्यावरून ते बाबांना लांबूनच ओळखायचे.

दोघं बरोबर फेऱ्या मारू लागले. बाबांचं इंग्रजी बँकेतल्या पत्रांचं, साहेबांचं हळू आणि स्पष्ट. काय बोलतात कोण जाणे, असं मला वाटायचं. मग एका संध्याकाळी मी दुबईच्या डेरा भागातल्या ऑफिसातून परतले, तर बाबा डायनिंग टेबलावर कोरे तक्ते एकमेकांना चिकटपट्टीने जोडत बसलेले. डोळ्यांत अशी चमक, की आई गेल्यापासून मी ती पाहिलीच नव्हती.

"साहेबाचा वंश शोधायचाय," ते म्हणाले.

गोष्ट अशी होती. साहेबांची आजी लहानपणी त्यांना सांगायची की आपण एका धर्मोपदेशकाच्या रक्ताचे. हा माणूस साडेतीनशे वर्षांपूर्वीचा. प्रार्थना म्हणायची ती वरून ठरवून दिलेल्या पुस्तकातूनच, असा हुकूम निघाला तेव्हा हा म्हणाला, मी माझ्या मनाने म्हणेन. त्याबरोबर त्याचं चर्च गेलं, राहतं घर गेलं. मग तो गोठ्यांतून, माळावर लोक जमवून उपदेश करत हिंडला आणि तुरुंगात जाऊन आला. त्याच्या माणसांनी नंतर बांधलेलं छोटं प्रार्थनाघर अजून उभं आहे, आणि दर वसंतात त्याचे वंशज तिथे जमतात. साहेबांना एकदा तिथे जायचं होतं. पण पाहुणा म्हणून नव्हे. मी कोणाचा कोण, हे सांगता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्याचं पुढे कोणी नाही, त्याला मागचं तरी कोणी हवं असतं, हे मला तेव्हा नीटसं कळलं नव्हतं.

"म्हणजे वाळीत टाकलेला माणूस," बाबा त्या उपदेशकाबद्दल कौतुकाने म्हणाले. "पण वाकला नाही."

बाबांना हे काम सांगणं म्हणजे मुरलेल्या आचाऱ्याला चूल दाखवणं. रिटायर झाल्यावर सगळी उमेद त्यांनी आमच्या कुळाच्या कुलवृत्तांतात घातली होती. कोणाकोणाला पोस्टकार्डं पाठवायची, एसटीने कोकणात जाऊन म्हाताऱ्यांना बोलतं करायचं, देवळाच्या ओट्यावर बसून कोणाचा आजा कोण ते उतरवून घ्यायचं. आई म्हणायची, मेलेल्यांच्या चौकशीत जिवंतांचा चहा गार होतो. पण त्या कामात बाबांचा हात धरणारा कोणी नव्हता.

आमची पद्धत ठरून गेली. मी चहा घेऊन लॅपटॉप उघडायची. तिकडच्या चर्चांची जुनी दप्तरं आता वेबसाइटवर मिळतात. या लोकांनी मोठ्या चर्चमध्ये मुलांचे बाप्तिस्मे केलेच नव्हते, त्यामुळे त्या दप्तरांत त्यांचा पत्ताच नसे. त्यांच्या लहान मंडळ्यांची वेगळी दप्तरं शोधावी लागत, तीही अर्धी ओल लागून गेलेली. मी ते वेलबुट्टीचं अक्षर कसंबसं लावून वाचायची. मुलाचं नाव आलं की बाबांची पेन्सिल चालायची. मुलीचं आलं की ते म्हणायचे, "पुढे." मी पुढे जायची. मला त्यात काही खटकलं नाही. आमच्याकडे वंशावळ अशीच लिहितात, अशीच मी लहानपणापासून पाहिली. भाताबरोबर वरण येतं तसं ते मुलाच्या नावाखाली मुलाचं नाव.

माझा नवरा अबुधाबीला साइटवर असतो, शनिवार-रविवारी येतो. तो टेबलावरचे तक्ते बघून म्हणायचा, "यल्ला, चला, जेवायला जागा करा. इंग्लंड नंतर." बाबा तेवढ्यापुरते तक्ते गुंडाळायचे.

उन्हाळा सरेपर्यंत उत्तर मिळालं आणि ते वाईट होतं. उपदेशकाला तीन मुलगे. एक पाळण्यातच गेला. दुसरा बापाच्या पाठोपाठ तुरुंगात गेला आणि तिथे तापाने मेला. तिसरा जहाजावर चढला, त्याची पुढे कुठेच नोंद नाही. बाबांनी घाई केली नाही. पुन्हा पुन्हा माझ्याकडून वाचून घेतलं, शेजारच्या गावांची दप्तरं बघायला लावली. मग एका संध्याकाळी नवा शर्ट घालून निघाले. इंग्रजी अडलं तर असावी म्हणून मला बरोबर घेतलं.

"साहेब, आय अ‍ॅम व्हेरी सॉरी," बाबा उभ्यानेच म्हणाले. "द फॅमिली इज फिनिश्ड. नोबडी रिमेन्ड."

साहेबांनी मान जरा वळवली. बाबांचा चेहरा कडेने तरी दिसावा म्हणून ते असं करायचे. "नोबडी?"

"नोबडी."

साहेबांनी बाबांचे आभार मानले. आम्ही नको नको म्हणत असताना स्वतः चहा केला. निम्मा बशीत सांडला, तो त्यांना दिसला नाही आणि उरलेला आम्ही तसाच प्यायलो. आजी खोटं बोलत नसे, एवढंच ते एकदा म्हणाले. ते बाबांना म्हणाले की स्वतःला, ते कळलं नाही.

त्यानंतर साहेब फेऱ्या मारायला येईनासे झाले. तिकीट काढणार होते, तेही राहिलं. बाबा एकटेच कॉरिडॉरच्या त्या टोकापर्यंत जायचे, बंद दारापाशी थोडं थांबायचे आणि परत फिरायचे. घरात चिडचिड सुरू झाली. भाजीत मीठ कमी, एसी फार गार, पंख्याचा आवाज. एकदा जेवताना आपणहून म्हणाले, "खोटं कसं सांगणार? पण वाईट वाटतं. वंश बुडणं फार वाईट. मला विचार."

मी, त्यांची एकुलती एक मुलगी, समोर बसून त्यांना पोळी वाढत होते. 'मला विचार' हे ते मलाच म्हणाले. मी पोळीवर तूप घातलं.

दिवाळीच्या सुमाराला मी साहेबांकडे फराळाचा डबा घेऊन गेले. बाबांना लाज वाटत होती, म्हणून एकटीच. साहेबांनी चकली बोटांनी चाचपून बघितली, ती गोल का असते ते विचारलं. मग बोलता बोलता, अगदी सहज म्हणाले, "बिचारा उपदेशक. त्याला मुलीसुद्धा नव्हत्या का?"

मी डब्याचं झाकण लावत होते. ते तसंच हातात राहिलं.

"होत्या," मी म्हटलं. "चार."

"त्यांचं काय झालं?"

"माहीत नाही. आम्ही बघितलं नाही."

साहेबांनी मान वळवून माझ्या कानाकडे बघितलं. मग हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मला इतकी लाज वाटली की मी डबा तिथेच टाकून घरी आले. लाजेच्या मागून राग आला. पण कोणावर काढायचा? वाचलं मीच होतं. पुढे म्हटल्यावर पुढे मीच गेले होते. मुलगी असून.

बाबांना काही न सांगता मी एकटीच बसले. ऑफिसात मी बोटींच्या मालाची कागदपत्रं बघते. माल कोणी कोणाला पाठवला ते जुळवणं हेच माझं काम. त्यातलाच हा प्रकार, फक्त इथे माल म्हणजे मुली. एका आडनावाच्या घरातून निघायच्या आणि दुसऱ्या आडनावाच्या घरात पोचायच्या. उपदेशकाची दुसऱ्या नंबरची मुलगी एका विणकराला दिली होती. तिची मुलगी एका खाटकाला. तिथे दोन पिढ्या मुलगे, मग पुन्हा मुलगी. कधी दप्तर मिळायचं नाही, कधी एकाच नावाच्या तिघी निघायच्या. डोळे चुरचुरायचे, पण मी सोडलं नाही. जानेवारीत एका रविवारी ती ओळ साहेबांच्या आजीच्या माहेरच्या घरात येऊन पोचली. म्हातारी खरंच खोटं बोलत नव्हती.

बाबांना मी छापून आणलेले कागद दाखवले. त्यांनी चष्मा पुसला, कागद वाचले, पुन्हा पहिल्यापासून वाचले.

"अगं, पण या मुली," ते म्हणाले. "या गेल्या की दुसऱ्यांच्या घरात."

"गेल्या. पण कोणाच्या होत्या?"

"साहेबाला हे चालतं?"

"चालतं, बाबा. त्यांच्याकडे सगळ्यांनाच चालतं. त्यांना वाटलं, कोणी मूलच जगलं नाही."

बाबांचा चेहरा उतरला. वादात ते हार मानणारे नाहीत, पण हा वाद नव्हता. एका एकट्या माणसाला आपण तुझं कोणी नाही असं सांगून आलो, हे त्यांना कळलं होतं. ते तडक उठले आणि घरातल्या सपातांवरच कॉरिडॉरमधून गेले. मी मागून गेले तेव्हा साहेबांच्या दारात उभे राहून बाबा म्हणत होते, "माय मिस्टेक, साहेब. एन्टायरली माय मिस्टेक." साहेबांनी त्यांना जवळ घेतलं. बाबांना कोणी जवळ घेतलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना.

मग बाबांनी नवे तक्ते आणले आणि सगळी वंशावळ पहिल्यापासून पुन्हा काढली. त्या चारही मुली, त्यांच्या मुली, त्यांची मुलं, सगळं. त्यांच्या त्या कोरीव अक्षरात. एकेका मुलीचं नाव लिहिताना तोंडाने पुटपुटत होते. मी भाजी निवडता निवडता बघत बसायची आणि माझं मन भरून यायचं. सांगायला हरकत नाही, मला आशा वाटायला लागली. काय हवं होतं मला? घर नको, दागिना नको. बाबांच्या नावाखाली एक रेघ काढून तिथे माझं नाव त्यांनी लिहावं, एवढंच. आजवर कधी मागितलं नव्हतं. आता न मागता मिळेल असं वाटलं.

साहेब एप्रिलमध्ये इंग्लंडला गेले आणि तिकडेच राहिले. प्रार्थनाघराजवळच्या गावात कोणा लांबच्या नातेवाईकांनी त्यांची सोय केली. त्यांचा फोन आला. त्या मेळाव्यात सगळ्यांसमोर उभं राहून त्यांनी सांगितलं होतं, मी उपदेशकाच्या दुसऱ्या मुलीचा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी ही बातमी पुण्यात फोन करकरून सगळ्यांना ऐकवली. "मुलीच्या मुलीकडून का होईना, पण सिद्ध करून दिलं!" मी पलीकडच्या खोलीतून ऐकायची. दर वेळी वाटायचं, आता पुढचं वाक्य माझ्याबद्दल येईल.

मग याच उन्हाळ्यात पुण्याहून कुलवृत्तांताच्या समितीचा मेल आला. नवी आवृत्ती काढतोय, आपल्या घराची माहिती लिहून पाठवा. बाबा खूश. मी त्यांना न सांगता समितीच्या गृहस्थांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "हो हो ताई, आता मुलींची नावं घालतो. त्यांची मुलंसुद्धा. ज्याची त्याची इच्छा." स्वतःच्या वडिलांच्या घरात आपल्याला जागा आहे का, हे एका अनोळखी माणसाला फोन करून विचारायची वेळ आली होती.

शनिवारी दुपारी बाबा सांगायला बसले आणि मी टाइप करायला. नवरा दुपारी झोपला होता. माझी लेक सुट्टीला आली होती, ती आतल्या खोलीत. ती इथेच वाढली, आता शिकायला बाहेर असते. आजोबा मराठीत बोलतात, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघांचं छान चालतं. बाबांच्या कानातलं मशीन दोन दिवसांपूर्वी बिघडलं होतं, डेऱ्यातल्या दुकानात दुरुस्तीला दिलेलं. त्यामुळे सगळं जरा मोठ्याने चाललं होतं.

त्यांनी आजोबा सांगितले, पणजोबा सांगितले. स्वतःचं शिक्षण, बँक, आईचं माहेर. मग म्हणाले, "लिही. एक कन्या, विवाहित. पुत्र नाही. वंश येथे समाप्त."

माझी बोटं थांबली.

"बाबा, आता मुलींची नावं घालतात. मी विचारलंय."

"काय?"

"मुलींची नावं घालतात! समितीच्या माणसाने सांगितलं!"

"त्यांना घालायची तर घालू देत," बाबा म्हणाले. "माझ्या तोंडून होणार नाही."

"साहेबांचं केलंत की."

"त्यांच्यात चालतं गं. ते त्याचं होतं, त्याला हवं होतं."

"आणि मला हवं असेल तर?"

हे एवढ्या मोठ्याने म्हणावं लागलं की म्हणून झाल्यावर मलाच कसंतरी झालं. बाबांनी ऐकलं. माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात ते क्वचितच ठेवतात, आणि ठेवतात तेव्हा जड असतो.

"तू माझी आहेस," ते म्हणाले. "माझं जे काही आहे ते सगळं तुझं. पण कुळाची नाहीस. त्यात तुझा काही दोष नाही."

त्यांचे डोळे भरलेले होते. मुद्दाम दुखवायला ते बोलत नव्हते, त्यांना तसं वाटतच होतं, आणि त्याचंच मला जास्त लागलं. दुष्टपणाशी भांडता तरी येतं. मी रडले नाही. सांगितलं तसं टाइप केलं, शब्दाला शब्द.

"लिहिलंस?"

मी मान हलवली.

"वाचून दाखव. शेवटचं."

मी वाचलं. त्यांनी कानामागे हात धरला. "काय?" मी पुन्हा वाचलं. "नीट मोठ्याने वाच गं, पुटपुटू नकोस." तेव्हा मी सगळा आवाज लावला. एक कन्या, विवाहित. पुत्र नाही. वंश येथे समाप्त. एवढ्या मोठ्याने मी माझ्या घरात कधी बोलले नव्हते. शेजारी ऐकू गेलं असेल.

"बरोबर," बाबा म्हणाले.

आतलं दार उघडलं. लेक बाहेर आली, केस विस्कटलेले, हेडफोन गळ्यात.

"ममा, व्हाय आर यू शाउटिंग? हू डाइड?"

बाबांना ते ऐकू आलं नाही. पण नात दिसली तसा त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी बाजूची खुर्ची ओढली, हाताने थोपटली. "ये बाळा, बस माझ्याजवळ." ती त्यांच्या दंडावर डोकं टेकून बसली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"कोणी नाही," मी म्हटलं. "आजोबांना ऐकू येत नव्हतं."